डागडुजी आणि दावा

गावचे घर सांभाळणे हे सवाबाचे काम, यावर आपल्यात दुमत नाही. तारापूर, चिंचणी, मनोर या भागांतली कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईकडे गेली; वाडवडिलांची घरे मागे राहिली. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि रविवारचा दिवस गावच्या घराला देणे सोपे झाले. शनिवारी रात्री बोईसरला उतरायचे, सकाळी कौले चाळायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, पन्हळ साफ करायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची.

हे काम कधी संपत नाही. खाऱ्या वाऱ्याने खिळे, बिजागऱ्या, गज गंजतात. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आतच कोंडते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने या पट्ट्यातली छपरे उडवली, तेव्हा ज्यांच्या घराकडे कुणी येत-जात नव्हते त्यांचे हाल अधिक झाले. तेव्हा जो भाऊ दर रविवारी राबतो, त्याचे श्रम खरे आहेत. प्रश्न पुढचा आहे: या श्रमांनी घर त्याचे होते का?

वडील वारले आणि मागे आई, दोन मुलगे, दोन मुली एवढेच वारस राहिले, असे समजू. कर्ज आणि वसियत भागल्यावर घराचे 48 भाग करा. आईचे 6, प्रत्येक मुलाचे 14, प्रत्येक मुलीचे 7. हे हिस्से कुणाच्या मर्जीने मिळत नाहीत. मृत्यूबरोबरच ते ज्याचे त्याचे होतात. राबणाऱ्या भावाने सारे छप्पर नवे केले तरी त्याचे 14 चे 15 होत नाहीत. दुरुस्तीला 48 हजार लागले, तर बहिणीकडे 7 हजार मागण्याचा त्याला नैतिक अधिकार आहे. तिचे 7 भाग मागण्याचा नाही.

"ती तर कधी फिरकलीच नाही," असे म्हटले जाते. पण तिला कुणी विचारले होते का? घराची चावी कुणाकडे होती? कौल चाळणे आणि मधे भिंत घालणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्याने घर सगळ्यांसाठी टिकते, दुसऱ्याने ते एकाचे होऊ लागते. आधी मोरी, मग स्लॅब, मग फाटकावर एकाच नावाची पाटी. घरपट्टीही त्याच नावाने. वास्तविक घरपट्टीचा उतारा हा कराचा कागद; त्याने मालकी सिद्ध होत नाही.

बहीणही म्हणते, "मला काही नको, माहेर तेवढे राहू द्या." हे वाक्य आपण फार लवकर ऐकून घेतो. हिस्सा मागितला तर ईदला बोलावणे येईल का, ही भीती त्यामागे असेल, तर त्याला राजीखुशी कसे म्हणावे? आधी तिचा हिस्सा तिच्या नावे करा. मग तिने तो दिला तर ती देणगी. रूढीने बुडवलेला स्त्रियांचा वाटा त्यांना मिळावा, हा 1937 च्या शरियत कायद्यामागचा एक मोठा हेतू होता. शेतजमीन त्यातून वगळली गेली, पण गावठाणातले घर शेतजमीन नव्हे. शरियतच्या रक्षणासाठी आपण सभा भरवतो. तीच शरियत बहिणीचे 7 भाग सांगते तेव्हा आपला आवाज का उतरतो?

आता हा प्रश्न जुन्या वाशांपुरता राहिलेला नाही. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. ज्या पडक्या घराकडे कुणी पाहत नव्हते, त्याच्या जागेची आता चौकशी होते. गिऱ्हाईक दारात उभे असताना हिशेब सुरू केला, तर भांडणच होणार.

म्हणून पावसाळ्यापूर्वी कौलांना हात लावण्याआधी सगळ्या वारसांना फोन करावा. काय करणार, किती लागणार, हे सांगावे. खर्चाची वही ठेवावी आणि चावीची एक जोड बहिणीकडेही द्यावी. घर अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानतदाराला हिशेब द्यावा लागतो, हेही त्याच शब्दात आले.