शमुवेल वेळेवर आला नाही तेव्हा

अभिवचन देवाचं, वेळही देवाची. आपल्याकडे धीर आणि आज्ञापालन. ख्रिस्ती घरात हे लहानपणापासून कानावर पडतं. पण वाट पाहता पाहता एक दिवस समोर आडवाट येते, आणि हीच देवाने काढून दिलेली वाट असेल का, असा प्रश्न पडतो. तेव्हा ‘धीर धर’ एवढं उत्तर पुरत नाही. या संवादातली मावशी नगरच्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आहे. मंडळीतल्या बायकांचा पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग ती घेते. भाचा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो.

भाचा : मावशी, जागा निघाली आहे. माझ्याच विषयाची, अनुदानित, पूर्ण पगाराची. पण मुलाखतीच्या आधीच आकडा सांगितलाय. नाव देणगीचं. बाबा म्हणतात, मळ्यातला तुकडा विकून टाकू.

मावशी : आणि तू काय म्हणतोस?

भाचा : मला काही कळेनासं झालंय. सेट झालो, पीएच.डी. झाली, तेव्हापासून प्रार्थना करतोय. शिकवणं हेच माझं पाचारण, याबद्दल मला शंका नाही. तास मोजून मानधन मिळतं, उन्हाळ्यात तेही नाही. स्थळ आलं की पहिला प्रश्न, ‘पर्मनंट आहे का?’ इतकी वर्षं जे मागितलं ते आता दारात आलंय. देव माणसांच्या हातूनच देतो ना? मग हे दार त्यानेच उघडलं नसेल कशावरून?

मावशी : गिलगालात शौल राजानेही बहुतेक असाच विचार केला असेल.

भाचा : शौलाचं नाव काढलंस तर मी त्याचीच बाजू घेईन. शमुवेल संदेष्ट्याने त्याला सात दिवस थांबायला सांगितलं होतं. तो थांबला. पलिष्टी मिखमाशाला तळ ठोकून बसलेले, इकडे माणसं गुहांत, खड्ड्यांत लपायला लागलेली, सैन्य रोज गळतंय. सात दिवस संपले, शमुवेलाचा पत्ता नाही. शेवटी शौलाने स्वतः होमार्पण केलं. अर्पण संपतं न संपतं तोच शमुवेल हजर, आणि तुझं राज्य टिकणार नाही म्हणून मोकळा! शौलाने काय वाईट केलं? त्याने देवाचीच उपासना केली. उशीर शमुवेलाने केला, शिक्षा मात्र शौलाला.

मावशी : तुझा आक्षेप मी उडवून लावणार नाही. तो अध्याय वाचताना मलाही दर वेळी टोचतं. पण शौलाने शमुवेलाला काय उत्तर दिलं ते आठव. लोक पांगत होते, तू येत नव्हतास, शत्रू जमत होता, म्हणून मी मन घट्ट करून अर्पण केलं. त्याच्या बोलण्यात आधी पांगणारे लोक येतात. ते अर्पण सैन्य धरून ठेवण्यासाठी होतं. देवाला त्याने कामाला लावलं.

भाचा : राजाने सैन्याची काळजी करायची नाही?

मावशी : करायची. पण लगेच पुढचा अध्याय वाच. शौलाजवळ उरले होते सहाशे. त्याच वेळी त्याचा मुलगा योनाथान एका शस्त्रवाहकाला घेऊन कडा चढून पलिष्ट्यांच्या चौकीवर गेला, बापालासुद्धा न सांगता. त्या दोघांच्या धाडसाने शत्रूच्या छावणीत थरकाप उडाला. माणसं कमी असल्यामुळे काही अडलं नव्हतं.

भाचा : मग योनाथान तर थांबलाच नाही! त्याला शमुवेल रागावला नाही. हा काय न्याय?

मावशी : मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच आहे. आपण समजतो की थांबणं म्हणजे श्रद्धा आणि हालचाल करणं म्हणजे अविश्वास. शास्त्र तसं म्हणत नाही. योनाथान शिपाई होता, शिपायाने जे करायचं तेच त्याने केलं. कडा चढणं धोक्याचं होतं, पण त्याला कुणी मना केलं नव्हतं. शौलाने मात्र जे त्याला सोपवलेलं नव्हतं ते हातात घेतलं. म्हणून थांबू की हालचाल करू, असं विचारू नकोस. आपल्या वाट्याला दिलेलं करतोय की न दिलेलं ओढून घेतोय, हे विचार.

भाचा : प्राध्यापकाची नोकरी मागणं हे मला न दिलेलं आहे?

मावशी : मागणं तुझंच आहे. अर्ज कर, मुलाखत दे, उत्तम तयारी कर. पैसे देणं तुला दिलेलं नाही. लाच डोळसाला आंधळं करते म्हणून ती घेऊ नका, हे निर्गमात स्पष्ट सांगितलंय. ती पुढे करणाऱ्याला त्यातून सुटका आहे, असं मला तरी वाटत नाही.

भाचा : सगळे देतात, मावशी. देऊन लागलेल्यांपैकी काही जण फार छान शिकवतात. मी त्यांच्यासारखाच होईन.

मावशी : त्यांचा न्याय मी करत नाही. त्यांच्या घरात काय होतं, मला माहीत नाही. तुझ्यापुरतं बोलते. अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. संततीचं अभिवचन मिळून वर्षं लोटली आणि घरात पाळणा हलेना. तेव्हा साराने आपली दासी हागार पुढे केली. त्या काळच्या रीतीत ते बसत होतं, कुणी नाव ठेवलं नसतं. अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा असताना इश्माएल जन्मला, इसहाक त्याच्या शंभराव्या वर्षी. या मधल्या घाईची किंमत कुणी मोजली? साराने नाही, अब्राहामानेही फारशी नाही. हागारेने मोजली. आधी गरोदरपणी रानात पळाली, मग मुलासह थोडंसं पाणी देऊन वाळवंटात हाकलली गेली. देवाने तिचं ऐकलं, पण म्हणून त्या दोघांचं वागणं बरोबर ठरत नाही. देवाचं अभिवचन आपण घाईने पुरं करायला गेलो की त्याचा भार बहुधा दुसऱ्याच्या पाठीवर पडतो. तुझ्या बाबतीत तो कुणावर पडेल?

भाचा : बाबांवर. मळ्यावर.

मावशी : आणि जो तुझ्यासारखाच शिकून, निकाल आधीच ठरलाय हे माहीत नसताना त्या मुलाखतीला येईल, त्याच्यावर. उद्या तू निवड समितीत बसशील तेव्हा समोर येणाऱ्यावर. दिलेले पैसे वसूल करावेत, असं मनात आलं नाही तरी, ‘मीही दिले होते’ हे वाक्य तुझ्या तोंडी तयार असेल.

भाचा : बरं. पैसे देणं चूक, मान्य. म्हणजे मी बसून राहायचं? ‘देवाची वेळ’ म्हणत तासिकेवर म्हातारा व्हायचं?

मावशी : बसून राहा असं देवाने कुणालाच सांगितल्याचं मला आठवत नाही. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून पहिल्या मोठ्या तुकडीला बंदिवान करून बाबेलला नेलं. मागे राहिलेल्यांत दोन संदेष्टे बोलत होते. हनन्या म्हणाला, दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू त्याने लोकांसमोर मोडलं. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र लिहिलं : सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आणून टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

भाचा : सत्तर वर्षं म्हणजे पत्र वाचणारा बहुतेक तिथेच मरणार. कोरेश राजाने परतीची मुभा दिली ती इ.स.पू. ५३८ मध्ये. हे अभिवचन आहे की शिक्षा?

मावशी : ऐकणाऱ्याला शिक्षाच वाटली असणार, मी ते गोड करून सांगत नाही. हनन्याचं ऐकून त्याला बरं वाटलं असेल. तुला ठाऊक आहे, हनन्या बोलला तेव्हा यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणाला? देव असंच करो, म्हणाला. दोन वर्षांत सुटका व्हावी, असं त्यालाही वाटत होतं. पण हनन्याच्या मागे लागून कुणी घरच बांधलं नसतं. दोन वर्षांसाठी बाग कोण लावतो? खोट्या तारखेने फक्त आशाच मोडत नाही. मधली वर्षंही वाया जातात.

भाचा : म्हणजे मी तासिकेवर असलो तरी...

मावशी : तरी तुझे विद्यार्थी पूर्ण विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी तू तात्पुरता नाहीस. पर्मनंट झाल्यावर मन लावून शिकवीन, पुस्तक लिहीन, लग्न करीन, असं म्हणत राहिलास तर तू हनन्याच्या दोन वर्षांत अडकलास.

भाचा : मला एक गोष्ट फार खुपते, मावशी. ‘वाट पाहा’ हे नेहमी ज्याच्या हातात सत्ता असते तोच सांगतो. संस्थावाले आम्हाला दर वर्षी सांगतात, पुढच्या वर्षी बघू. सासरी छळ सोसणाऱ्या पोरीला मंडळीतलीच वडीलधारी माणसं सांगतात, देव बघून घेईल. तुझं हे चिंतन त्यांच्या फार सोयीचं आहे.

मावशी : हा तुझा सगळ्यात खरा आक्षेप आहे. म्हणून स्पष्ट सांगते : देवाची वाट पाहणं म्हणजे माणसांसमोर गप्प बसणं नाही. ज्या यिर्मयाने सत्तर वर्षं सांगितली त्यानेच यहोयाकीम राजाला सुनावलं, की शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन, मजुरी बुडवून तू वाडा बांधतोस, तुझा धिक्कार असो. यरुशलेमला वेढा पडला असताना श्रीमंतांनी दास मोकळे केले आणि वेढा सैल होताच पुन्हा पकडून आणले, तेव्हाही तो गप्प बसला नाही. अभिवचनाचा काळ देवाचा; मजुरीचा काळ मालकाच्या हातात असतो, आणि तो आज असतो. मार खाणाऱ्या मुलीला थांबायला सांगण्याचा हक्क कुणालाही नाही. माझा धीर मी धरू शकते, दुसऱ्याला मी तो धरायला लावू शकत नाही.

भाचा : मग तू मला का सांगतेस?

मावशी : मी तुला थांब म्हणत नाही. पैसे देऊ नकोस एवढंच म्हणते. संघटनेत जा, मानधनासाठी लढ, दुसऱ्या गावी अर्ज कर. हवं तर हे क्षेत्र सोड. त्याने तुझी श्रद्धा कमी होणार नाही. पंडिता रमाबाईंकडे बघ. मध्य प्रांतातल्या दुष्काळात मुली उघड्यावर पडल्याचं कळताच त्या स्वतः गेल्या, त्यांना केडगावला घेऊन आल्या. तिथे देवाच्या वेळेची भाषा त्यांनी केली नाही. त्याच रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या, तेव्हा वर्षानुवर्षं धीराने बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र छापून आलं ते त्यांच्यानंतर. दोन्ही वेळी आज हातात काय करण्यासारखं आहे, हेच त्यांनी पाहिलं.

भाचा : आणि मला खरंच अभिवचन मिळालंय की ती माझीच इच्छा आहे, हे कसं ओळखायचं? हनन्याही देवाच्याच नावाने बोलत होता. त्यालाही खात्री होती.

मावशी : खात्रीवरून ओळखता येत नाही. यिर्मया म्हणाला, शांतीचं भाकीत करणाऱ्याचं बोलणं खरं झालं की कळेल, तो देवाने पाठवलेला होता. म्हणजे नंतर कळेल. तुला कायमची नोकरी द्यायचं देवाने कबूल केलंय का, हे मी सांगू शकत नाही. तूही शपथेवर सांगू शकणार नाहीस. तो तुझ्यासोबत राहील, हे त्याने सांगितलंय. बाकी ‘कधी’ हे झाकलेलं आहे. ‘काय करू नये’ हे मात्र बहुतेक वेळा उघड असतं. जे झाकलंय ते उघडण्यासाठी जे उघड आहे ते मोडायचं नाही. आज्ञापालन याहून मोठं काही असेल असं मला वाटत नाही.

भाचा : आणि शेवटी काहीच मिळालं नाही तर?

मावशी : तर नाही मिळणार. यिर्मयालाही नाही मिळालं. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता, सिद्कीया राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलं होतं. तेव्हा त्याचा चुलतभाऊ हनामेल आला : अनाथोथातलं माझं शेत घे. धरणात बुडणाऱ्या गावात जमीन विकत घ्यावी तसा सौदा. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बसवले, खरेदीखतावर सही केली. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरंदारं, शेतंमळे विकत घेतले जातील, हे अभिवचन होतं. त्या शेतात त्याने कधी पीक काढलं नाही. लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले.

भाचा : त्याला राग नाही आला?

मावशी : गोंधळला तर नक्कीच. खत बारूखाच्या हाती दिल्यावर त्याने प्रार्थना केली, आणि तिच्या शेवटी देवाला विचारलंच : शहर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? त्याने प्रश्न गिळला नाही. पण आधी सही केली, मग विचारलं.

भाचा : शमुवेल उशिरा आला हे मला अजूनही पटलेलं नाही.

मावशी : मलाही नाही. विचार देवाला. मनातला राग त्याच्यापासून लपवून ठेवलेली प्रार्थना अर्धीच असते.

भाचा : विचारीन. बाबांना आज फोन करतो, मळा विकायचा नाही म्हणून. मुलाखतीला जाईन. पैसे मागितले तर नाही म्हणेन, आणि कुणी मागितले, किती मागितले ते लेखी तक्रारीत देईन. नोकरी जाईल कदाचित, तासिकेचीही.

मावशी : जाऊ शकते. मी तुला वाचवायचं वचन देत नाही. तक्रारीचा मसुदा घेऊन ये, दोघं मिळून वाचू. आणि सोमवारच्या तासाची तयारी करून ये.