‘ऐकत नाही’ आणि ‘ऐकू येत नाही’

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : आवाज कानी पडणे आणि सांगितलेले मानणे. ‘तो ऐकत नाही’ या वाक्यात मूल कर्ता असते. न ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘त्याला ऐकू येत नाही’ म्हटले की दोष त्याच्या इच्छेवरून उतरतो. हिंदीतही ‘सुनता नहीं’ आणि ‘सुनाई नहीं देता’ यांत हेच अंतर आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर यायला घराला, शाळेला, कधी दवाखान्यालाही फार उशीर होतो. हा उशीर वैद्यकीय आहेच. मला तो नैतिकही वाटतो.

या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कमी ऐकू येण्याचा त्रास होतो. त्यांच्या कानाचे छिद्र अरुंद असते. त्यात मळ लवकर अडकतो आणि आतला पडदा डॉक्टरांनाही नीट दिसत नाही. मधला कान नाकामागच्या पोकळीशी जोडणारी नळी बारीक, तिचे स्नायू सैल. मग पडद्यामागे चिकट द्रव साचतो. बहुधा दुखत नाही, तापही नसतो. सर्दीबरोबर तो वाढतो, कमी होतो. त्यामुळे मूल सोमवारी हाकेला वळते आणि गुरुवारी वळत नाही. पाहणाऱ्याला वाटते, मनात असले की बरोबर ऐकतो.

भांडे पडले की मूल दचकते, म्हणजे कान ठीक आहेत, अशीही आपली समजूत असते. पण ‘आईला’, ‘आईने’, ‘आईशी’ यांतला फरक शेवटच्या हलक्या अक्षरात असतो. तेच रोज धूसर पोचत असेल तर मुलाने वाक्य शिकायचे कशावरून? पुढे बोलणे रखडले की आपण म्हणतो, डाउन सिंड्रोमच आहे, चालायचेच.

जॉन लँग्डन डाउन यांनी या मुलांचे वर्णन १८६६ साली केले. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत १९५९ मध्ये समजली. नाव मिळाल्याने ज्ञान वाढले, पण नाव हे झाकणही होऊ शकते. नंतरची प्रत्येक तक्रार त्याच्याखाली जाते. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आणि जन्मजात बहिरेपण या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकच मूल दोन्हींत असू शकते, हे पहिल्या नोंदीपाशी थांबणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

मूल समजत नाही म्हणून गप्प आहे की ऐकू येत नाही म्हणून, हे बाहेरून ठरत नसेल तर आधी काय धरून चालावे? कानाचा संशय खोटा ठरला तर एक तपासणी वाया जाते. बुद्धीचा निष्कर्ष खोटा ठरला तर भाषा शिकण्याची वर्षे जातात, आणि ती परत मिळत नाहीत. ज्या चुकीची किंमत मूल मोजते, ती टाळण्याकडे आपला कल असायला हवा.

यावर एक प्रश्न हमखास येतो, कधी उघड, कधी मनातल्या मनात : एवढा खटाटोप करून फरक किती पडणार? इतर मुलांना चष्मा देताना आपण त्यांचे गुण विचारत नाही. फळा दिसावा, एवढे कारण पुरते. मग श्रवणयंत्रासाठीच या मुलाने आधी प्रगतीची हमी का द्यावी? यंत्र लावल्याने गुणसूत्र बदलणार नाही. आजीची हाक, आपले नाव, शेजारच्या खोलीतले हसणे त्याच्यापर्यंत पोचेल. ते त्याच्या वाट्याचेच आहे.

आई-वडिलांचा थकवा मात्र खरा आहे. यातल्या सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयविकार असतो. थायरॉइडच्या तपासण्या असतात. त्यात जन्मल्यावरची श्रवणचाचणी, मग दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. मूल झोपेत असताना बेरा चाचणी करायची तर तो अख्खा दिवसच जातो. हे ओझे एकट्या आईवर टाकून तिलाच कर्तव्य शिकवणे हा दुसरा अन्याय. हृदय तपासायला आलेल्या मुलाचे कान त्याच फेरीत पाहता येतात. शिक्षकांना त्याला पुढच्या बाकावर बसवता येते, चेहरा दिसेल असे बोलता येते, शब्दाबरोबर हाताची खूण करता येते. अनेकदा ही मुले कानापेक्षा डोळ्यांनी लवकर शिकतात.

यातले काहीच अवघड नाही. फक्त ‘ऐकत नाही’ असे म्हणण्याआधी कान तपासले आहेत का, एवढे विचारायचे. आणि मागच्या वर्षी तपासले होते, हे उत्तर पुरेसे मानायचे नाही.