दार उघडे ठेवून

आजच्या मननासाठी दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. सिंहांच्या गुहेपर्यंत पोहोचायची घाई नको. रविवारच्या शाळेत आपण सगळे थेट गुहेतच उतरत असू, त्यामुळे त्याआधीचे एक वचन बहुतेकांच्या नजरेतून सुटलेले असते. दहाव्या वचनापाशी थांबा. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

राजाचा हुकूम निघाला आहे. तीस दिवस राजाखेरीज कोणाही देवाकडे वा माणसाकडे काही मागायचे नाही. हुकुमावर सही झाल्याचे दानीएलाला ठाऊक आहे. तो घरी येतो, माडीवर जातो. यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या आहेत. दिवसातून तीनदा तो गुडघे टेकतो, प्रार्थना करतो, देवाचे आभार मानतो. आणि शास्त्र जाता जाता एक बारीकशी गोष्ट नोंदवते. हा त्याचा पूर्वीपासूनचाच क्रम होता.

इथे जरा बसून राहा. म्हाताऱ्या दानीएलाने त्या दिवशी नवे काहीच केले नाही. राजाला डिवचायला तो चौकात जाऊन उभा राहिला नाही. पण जीव वाचवायला त्याने खिडकीही लोटून घेतली नाही. प्रश्न तीसच दिवसांचा होता. महिनाभर आतल्या खोलीत गुडघे टेकले असते, तर देवाने ऐकले नसते का? हे स्वतःला विचारा. उत्तर लगेच देऊ नका.

एव्हाना तुमच्या मनात शंका आली असेल. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. मग दानीएलाची खिडकी उघडी कशी? मत्तयाचा सहावा अध्याय पुन्हा पाहा. लोकांनी पाहावे आणि वाखाणावे म्हणून नाक्यानाक्यावर उभे राहणाऱ्यांविषयी प्रभू तिथे बोलत आहे. दानीएलाला त्या खिडकीतून वाहवा मिळणार नव्हती, सिंह मिळणार होते. मला हे असे उमगते: मिरवण्याचा मोह असेल तिथे दार लावावे, लपण्याचा मोह असेल तिथे ते उघडे ठेवावे. आपल्याला यातला कोणता मोह अधिक छळतो, ते ज्याचे त्याने पाहायचे. माझा बहुधा दुसरा.

आता बाबेलातून पुण्याला या. साल 1893. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू केलेले शारदासदन आता पुण्यात आहे. विधवा आणि निराधार मुली तिथे शिकतात. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले आहे, मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक आहे. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती आहेत. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. रोज आपल्या खोलीत त्या मुलीला, मनोरमाला, घेऊन शास्त्र वाचतात, प्रार्थना करतात. खोलीचे दार लावत नाहीत. हळूहळू काही मुली आपणहून आत येऊन बसू लागतात.

एवढ्यावरून गहजब झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावले असते तर बरेचसे वादळ शमले असते, आणि रमाबाईंना हे कळत नव्हते असे मुळीच नाही.

मननात प्रामाणिक राहायचे तर इथे एक बोच सोसावी लागते. टीकाकारांची भीती अगदीच निराधार नव्हती. ज्या बाईच्या छपराखाली आपण जगतो, तिच्या उघड्या दाराकडे अनाथ, आश्रित मुलगी ओढली जाणारच. तिची निवड कितपत मोकळी म्हणायची? हा प्रश्न आपल्या शाळांना, दवाखान्यांना, वसतिगृहांना आजही लागू आहे, आणि तो विचारणाऱ्याला शत्रू ठरवून आपण सुटू शकत नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी तो आडपडदाच ठेवला नाही; ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. कदाचित तेच अधिक सरळ होते. पण सदनाच्या त्या वर्षांतली एक गोष्ट मला धीर देते. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने त्या घरात काही वर्षे काढली, ते उघडे दार रोज पाहिले, आणि ती हिंदूच राहिली. 1893 सालीच तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. पुढे महाराष्ट्राने तिला बाया कर्वे म्हणून ओळखले. त्या दारातून आत येता येत होते, तसेच न येताही सन्मानाने शिकता येत होते.

हे मनात मुरू द्या.

मग रमाबाईंच्या आयुष्यातल्या आणखी एका गोष्टीकडे वळा. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. आठ वर्षे! दरम्यान इंग्लंडमध्ये त्रैक्यासारख्या विषयांवर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनीशी वाद घातले होते. केवळ चर्च सांगते म्हणून मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. शास्त्रात काय आहे ते दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा आधार घेऊन त्यांनी खेड्यातल्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल आणले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. ते भाषांतर छापून आले 1924 साली.

म्हणून पुढचा प्रश्न अवघड आहे, तो सावकाश घ्या. सत्याला धरून राहतो असे आपण म्हणतो, तेव्हा हातात नेमके काय असते? शास्त्र, की आपल्या मंडळीची सवय? प्रभू, की आपल्या समाजाची अस्मिता? रागाने तावातावाने बोलतो तेव्हा त्यातले कोण बोलत असते?

आता आपल्या दिवसांकडे या. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर डबा उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे असतात, आणि आपण मोबाइल पाहिल्यासारखे करतो. सोमवारी कोणी विचारले, रविवारी काय केलेस, तर उपासनेचे दोन तास वगळून बाकीचा रविवार सांगतो. उलट टोकही आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पहाटे साडेपाचला न मागितलेले वचन टाकायचे, वर सूर्योदयाचे चित्र, आणि साक्ष दिल्याचे समाधान घेऊन चहाला बसायचे. माझ्या मते यात साक्षीपेक्षा आळस जास्त असतो. बोटाला श्रम नाहीत, समोरच्याचे ऐकायची गरज नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, पंधरावे वचन इथे उघडा. तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, असे पेत्र सांगतो, आणि लगेच सौम्यतेची व आदराची अट घालतो. म्हणजे कोणीतरी विचारेल, हे त्याने गृहीतच धरले आहे. शेवटचे कोणी कधी विचारले होते? फार दिवसांत कोणी विचारले नसेल, तर दोष नेहमी काळाचाच असेल असे नाही. आपल्या वागण्यात विचारावे असे काही दिसले नसेल.

आपल्या देशाच्या घटनेचा 25वा अनुच्छेद धर्म आचरण्याचे, पाळण्याचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य देतो. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. आपल्यातल्या काहींना ते टोचते. मला टोचत नाही. कोणाचे मन पालटणे हे काम प्रभूने आपल्याकडे कधी सोपवलेच नव्हते.

आता पाच मिनिटे काही वाचू नका. ज्याने तुम्हाला कधीतरी तुमच्या विश्वासाविषयी सरळ मनाने विचारले आणि तुम्ही हसून विषय बदललात, असा एक माणूस आठवा. मैत्रीण असेल, शेजारचे काका असतील, स्वतःचा मुलगाही असेल. त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग संध्याकाळी त्याला फोन लावा, आधी त्याची खुशाली विचारा, त्याचे पुरते ऐकून घ्या, आणि तेव्हा राहून गेलेले उत्तर साध्या शब्दांत द्या.