रिकाम्या जाळ्याची नोंद आणि व्याप्तीचा प्रश्न

मासेमारीच्या प्रत्येक फेरीची खासगी वही ठेवणाऱ्याची अपेक्षा अशी असते की, तिथी, भरतीची वेळ, वारा आणि हाती लागलेली मासळी यांच्या नोंदी साठत गेल्या की पुढच्या फेरीविषयी काही भरवशाचे सांगता येईल. ही अपेक्षा व्यवहारातली असली, तरी तिच्या मुळाशी भारतीय तर्कशास्त्रातील एक जुना वाद आहे. नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या विचारवंतांच्या, मते अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू (ज्यावरून अनुमान करायचे ती खूण) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांच्या अपवादरहित साहचर्यावर उभे असते. अनुमान नाकारणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप असा की, सर्व स्थळकाळांतील प्रसंग कोणीच पाहू शकत नसल्याने व्याप्ती कधीच सिद्ध होत नाही.

तत्त्वचिंतामणी या ग्रंथाचे कर्ते नैयायिक गंगेश उपाध्याय यांनी चौदाव्या शतकात या आक्षेपाला जे उत्तर दिले, ते वहीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भूयोदर्शन, म्हणजे एकच गोष्ट पुनःपुन्हा पाहणे, त्यांना पुरेसे वाटत नाही. साहचर्य दिसले पाहिजे आणि त्याबरोबरच व्यभिचार, म्हणजे हेतू असूनही साध्य नसल्याचा प्रसंग, आढळलेला नसला पाहिजे. परंतु व्यभिचार न आढळणे आणि तो न लिहिणे यांत मोठे अंतर आहे. ज्या वहीत केवळ भरलेल्या जाळ्यांची नोंद होते, तिच्यात अपवाद सापडत नाही याचे कारण एवढेच की, तो तिथे कधी उतरवलेलाच नसतो.

कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा. हा आडाखा टिकला, कारण भरती चंद्राच्या गतीशी बांधलेली आहे. मासळीचे गणित इतके सरळ नसते. ‘अमावास्येला मासळी जास्त’ असे एखाद्या वहीतून निघाले, तर त्या साहचर्यामागे उपाधी, म्हणजे संबंध ज्यावर खरोखर अवलंबून आहे अशी तिसरी गोष्ट, दडलेली असू शकते. समुद्रात रोवून ठेवलेल्या डोल जाळ्यात मासळी पाण्याच्या ओढीने शिरते आणि ही ओढ उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, जोरदार, तर भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत मंद असते. कारण ओढ हेच असेल तर पौर्णिमेच्या उधाणातही जाळे भरले पाहिजे. रात्री पाण्यात सोडलेल्या तरंगत्या जाळ्याच्या बाबतीत मात्र अंधार हेच कारण असू शकते, कारण चांदण्यात मासळीला जाळे दिसते, आणि मग पौर्णिमेचे उधाण उपयोगी पडत नाही. या दोन कारणांतला निवाडा पौर्णिमेच्या रिकाम्या जाळ्याची नोंद असल्याशिवाय होऊ शकत नाही.

अपवाद न नोंदवण्याचा हाच दोष दाखवणारी एक जुनी कथा इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने 1620 च्या नोव्हम ऑर्गेनम या ग्रंथात दिली आहे. नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे देवळात दाखवली गेली, तेव्हा पाहणाऱ्याने विचारले की, नवस बोलूनही बुडालेल्यांची चित्रे कोठे आहेत? हा प्रश्न श्रद्धेवरचाच घाव आहे असे मानण्याचे कारण नाही. चांगल्या मासळीनंतर एकवीरा आईचे आभार मानणारा कोळी अनुमान करत नसतो, तो कृतज्ञता व्यक्त करत असतो, आणि कृतज्ञतेला व्याप्तीची गरज नसते. मात्र ‘नवस केला की मासळी येते’ असे विधान होताच ते अनुमानाच्या क्षेत्रात येते आणि त्याला अपवादांचा हिशेब द्यावा लागतो.

चार्वाकांची शंका वहीने समूळ मिटत नाही, कारण उद्याचा समुद्र कोणत्याही नोंदीला बांधलेला नाही. तरीही व्यवहारापुरते ज्ञान वहीतून मिळू शकते. त्यासाठी परत आलेल्या रिकाम्या होडीची तिथी, वारा आणि वेळ भरलेल्या होडीइतक्याच काळजीने लिहिली गेली पाहिजे. ते न केल्यास ती वही ज्ञानाचे साधन न राहता केवळ बढाईचा दप्तरखाना ठरते.