मावशींचा खाडा

माउली, आपल्या घरी भांडी-लादीला येणाऱ्या बाईंना आपण काय म्हणून हाक मारतो? मिरा रोड म्हणा, भाईंदर म्हणा, बहुतेक घरांत ‘मावशी’ म्हणतात. वयाने लहान असल्या तर ‘ताई’. आता आईच्या बहिणीचे नाते काही तासाभराचे नसते. एकदा मावशी झाली की ती चोवीस तासांची मावशी. काम मात्र तासाचे, पगार तासाच्या हिशेबाने, आणि बांधिलकी दार बंद होईपर्यंत. हा व्यवहार आपल्या उंबऱ्यात रोज घडतो, म्हणून त्यात काही खटकत नाही. पण वारकऱ्याने तरी एकदा विचार करावा असा प्रश्न त्यात आहे. माणसाच्या दिवसाचा एक तुकडा आपण विकत घेतला, तर त्या माणसाचे आपण किती देणे लागतो? तुकड्याएवढेच, की त्याहून काही अधिक?

तुमच्यापैकी काही जणी स्वतःच ही कामे करून रात्री कीर्तनाला येता आणि मागच्या रांगेत बसता, हे लक्षात ठेवूनच लिहीत आहे. त्यांना यातले काहीच नवे नाही.

आपल्या या शहराला तुकड्यातुकड्याचे काम नवे नाही. इथल्या खाजणात मिठागरे होती. मीठ पिकते ते कोरड्या महिन्यांत. पाऊस लागला की आगर बंद आणि मजूर दुसऱ्या कामाला. उत्तनच्या कोळ्यांच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्याला ओढलेल्या असतात. पण तो खंड साऱ्या गावाला एकाच वेळी पडत असे. शेजारीपाजारी सगळेच घरी, त्यामुळे लग्नकार्ये, डागडुजी, भजन, जे काही व्हायचे ते मिळून व्हायचे. पुढे १९८५ मध्ये इथे नगरपरिषद आली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती ८,०९,३७८ भरली. इमारती उभ्या राहिल्या, नवरा-बायको दोघेही लोकलने नोकरीला जाऊ लागले, आणि मागे राहिलेले घर सांभाळायला काशिमिरा, पेणकरपाडा अशा वस्त्यांतून बायका येऊ लागल्या. आपली पूर्णवेळ नोकरी त्यांच्या अर्धवेळ कामावर उभी आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता जरा हिशेब करू. एका बाईकडे सहा घरे आहेत असे धरा. कुठे भांडी-लादी, कुठे कपडे, कुठे पोळ्या. घरामागे तास-सव्वा तास. मधले जिने, मधली पायपीट, लिफ्टची वाट पाहणे वेगळे. दिवसाचे सात-आठ तास झाले. आठवड्याचे सातही दिवस काम, म्हणजे पन्नास तासांच्या आसपास. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणाऱ्याला ही मर्यादा प्रत्यक्षात किती मिळते हा प्रश्न वेगळा, पण निदान त्याचे तास एका मालकाच्या वहीत एकत्र मोजले जातात. तीच भांडी घरोघर घासणाऱ्या बाईचे तास सहा वह्यांत वाटलेले असतात आणि त्यांची बेरीज कुणीच करत नाही.

प्रत्येक घर म्हणते, आमच्याकडे तर तासाभराचेच काम आहे हो. त्यात खोटे काहीच नाही. सहाही घरे खरे बोलतात. पण ही सहा खरी वाक्ये एकापुढे एक मांडली की निष्कर्ष असा निघतो, की ती बाई तापाने पडली तर तिला विचारणारे कुणी नाही. कुणाच्याही हातून अन्याय न होता अन्याय पुरा होतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याखाली नोंदणी होते, काही योजना मिळतात. रजा, आजारपण, कामावरून काढण्याआधीची सूचना हे मात्र अजून त्या त्या घराच्या मनावरच आहे.

सरकारच्या भाषेत अर्धवेळ कामाला ‘अंशकालीन’ म्हणतात. आरोग्य उपकेंद्रात ‘अंशकालीन स्त्री परिचर’ असतात, पदवीधर अंशकालीन कर्मचारी असतात, महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे असतात. ‘अंश’ हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीवाला भगवंताचा अंश म्हटले आहे, आणि त्यावर बोलताना ज्ञानोबारायांनी समुद्राच्या लाटेचा दृष्टांत दिला आहे. वाऱ्याने पाणी उसळले म्हणून लाट लहान, वेगळी दिसते; पाणी समुद्राचेच असते. म्हणजे कीर्तनात आपण अंश म्हणतो तेव्हा त्यात पूर्णाची ओळख असते, आणि कार्यालयात तोच शब्द आला की त्यातून पूर्णाची जबाबदारी टळते. एकाच शब्दाचे हे दोन उपयोग आपण एकाच दिवशी करतो. सकाळी एक, रात्री दुसरा.

या टाळाटाळीचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांना पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. गुजरातमधल्या काही जणींनी ग्रॅच्युइटी मागितली, तेव्हा त्यांचे काम अर्धवेळ आहे अशी बाजू त्यांच्याविरुद्ध मांडली गेली. बालकांचा आहार, गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाला मदत, पूर्वप्राथमिक शिक्षण, घरभेटी ही सगळी कामे पाहून न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात ते म्हणणे मान्य केले नाही, आणि ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना दिला. मानधन या शब्दात ‘मान’ आधी येतो, पण बाकीचे मागायला त्यांना न्यायालयात जावे लागले.

कुणी म्हणेल, मग पूर्वीची पद्धत बरी होती. घरात कायमचे माणूस असे, घरातलेच होऊन राही. मला हे पटत नाही. जनाबाई नामदेवरायांच्या घरी पूर्णवेळ होत्या. दळण, कांडण, पाणी, शेणी. त्यांच्या कामाला घड्याळच नव्हते. जात्यावर देव येऊन बसला हे आपण प्रेमाने सांगतो, पण कामाचा भार एवढा होता की दुसरा हात लागावा, हेही त्याच कथेत आहे. चोखोबारायांना मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर धरले होते, आणि १३३८ मध्ये ते कूस अंगावर कोसळून त्यांचा देह गेला. त्यांच्याबरोबर दबलेल्या मजुरांत त्यांच्या अस्थी ओळखायला नामदेवराय गेले, असे परंपरा सांगते. तेव्हा अख्खा दिवस एकाच मालकाचा असला म्हणजे माणूस अख्खा जपला जातो, असे काही नाही.

आणि अर्धवेळ काम स्वतः वाईटही नाही. मुलांची शाळा सांभाळून चार तासांचेच काम हवे असणाऱ्या कितीतरी जणी आहेत. दुसऱ्या कुणाला संध्याकाळ हरिपाठासाठी मोकळी हवी असते. नेदरलँड्समध्ये युरोपात सर्वांत जास्त प्रमाणात लोक अर्धवेळ काम करतात, आणि त्या देशाने १९९६ मध्येच कायदा करून तासांच्या कमी-अधिकावरून कामगारांत भेद करायला मनाई केली. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अर्धवेळ कामाविषयी जो करार केला त्याचाही गाभा हाच, की तास कमी तर रजा आणि संरक्षण त्या प्रमाणात, पण शून्य नव्हे. भारताने तो स्वीकारलेला नाही.

अर्धवेळ कामाचा मान कसा राखायचा हे आपल्याला परदेशातून शिकायला नको. अखंड हरिनाम सप्ताहातली वीणा पाहा. सात दिवस, रात्रंदिवस, ती खाली ठेवायची नसते. पण सात दिवस ती एकाच गळ्यात असते का? पहारे लावलेले असतात. काकड्याआधीचा पहारा म्हाताऱ्या बुवांनी घ्यावा, कारण त्यांना तशीही झोप नसते. दुपारच्या पंगतीनंतरचा, डोळ्यांवर झापड आणणारा, तरुणाने घ्यावा. दुसरा आल्याशिवाय पहिल्याने वीणा सोडायची नाही. देताना-घेताना एकमेकांच्या पाया पडायचे. दोन तास उभा राहिलेल्याला आपण अर्धवेळ विणेकरी म्हणत नाही. पंगतीतही दोन तासवाल्याला अर्धी पोळी असे वाढत नाहीत. आणि मुख्य गोष्ट अशी, की एखाद्याला ताप आला तर त्याच्या जागी कुणाला उभे करायचे याची काळजी मंडळाची असते. आजाऱ्याने अंथरुणातून उठून माणूस शोधत फिरायचे नसते.

वीणा ही सेवा आहे, तिथे पैसा नाही, तेव्हा पगाराला ती तुलना लावता येणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पगार तासांवर असावा, त्यात गैर काही नाही. पण पगाराखेरीज जे देणे आहे, म्हणजे विसावा, आजारपणाची मुभा, सणाचा दिवस, ते घड्याळाने मोजता येत नाही. ताप काही एका तासाचा येत नाही.

यात एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. समजा सहाही घरे उदार आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला एक सुटी देतो. एक सोमवारी, एक मंगळवारी, एक शनिवारी, ज्याच्या त्याच्या सोयीने. बाईला किती सुट्या मिळाल्या? हिशेबाने सहा. खरे पाहता एकही नाही, कारण रोज पाच घरे उरतातच. अर्धवेळ कामगाराला विसावा द्यायचा तर तो एकट्या घराला देताच येत नाही. शेजाऱ्याशी बोलावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुटीसाठी वर्षानुवर्षे मागणी केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. सगळ्या गिरण्यांना एकच वार, यात त्या सुटीचे बळ होते. आपली एकादशी अशीच सर्वांची एका दिवशी येते. आपल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होते. इमारतीतल्या सगळ्या घरांनी मावशींना एकच वार मोकळा ठेवावा, हा विषय घ्यायला दहा मिनिटे लागतील. पगार एक रुपयानेही वाढवावा लागत नाही. आठवड्यातून एक दिवस आपली भांडी आपण घासायची, एवढेच.

एकादशीचेही पाहा. घरात दोघांचा उपवास, मुलांचा नाही. म्हणजे खिचडी, वरी-आमटी, शिवाय रोजचा भाजी-पोळीचा घाट. भांडी दुप्पट. आपले व्रत त्या दिवशी कुणाच्या तरी तासात अर्ध्या तासाची भर घालते. मावशींनाही उपवास असतो की नाही हे आपल्याला ठाऊक आहे का?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला माउलींची आळंदीहून. आपल्यातले नोकरदार महिनाभर आधी साहेबांकडे रजेचा अर्ज देतात, साठलेली पगारी रजा टाकतात, आणि साहेबही ‘पांडुरंगाला आमचा नमस्कार सांगा’ म्हणून सही करतात. त्याच दिंडीत चालायचे असेल तर मावशींना काय करावे लागते? सहा घरी सांगायचे. सहा जणांची नाराजी ऐकायची. वीस दिवसांचा खाडा कापून घ्यायचा. आणि बहुतेक ठिकाणी ‘बदली’ बाई आपली आपणच शोधून द्यायची, तिचे पैसे त्या कापलेल्या पगारातून परस्पर जायचे. एवढे करून परत आल्यावर सहापैकी सहा घरे शिल्लक असतील याची खात्री नाही. बदली पोळ्या जास्त मऊ करते म्हणून तिलाच ठेवून घेतलेले असते.

या वर्षी निघण्याआधी त्यांना एवढे विचारून पाहा, की यायचे आहे का. हो म्हणाल्या तर बदली आपण शोधायची, तिचे पैसे आपण द्यायचे, मावशींचा पगार तसाच ठेवायचा, आणि बाकीच्या पाच घरांशीही आपणच बोलायचे. ती घरे बहुधा आपल्याच इमारतीत असतात.