त्या शेतात कोण होतं?

सावकाश बसा. कारंजा तालुक्यातल्या कामरगावचं शिवार डोळ्यांसमोर आणा. ते पाहिलं नसेल, तर वऱ्हाडातलं ओळखीचं कुठलंही. दिवाळीचा सुमार, काळी माती. लहानपणी पाहिलेलं एकच शेत निवडा आणि धुऱ्यावर उभे राहा.

काय दिसतं? बहुधा पऱ्हाटी, फुटलेली बोंडं. आता थोडं थांबा. ती पऱ्हाटी त्याच शेतात होती, की वऱ्हाड म्हणजे कापूस हे ऐकतच वाढल्यामुळे ती तिथे येऊन उभी राहिली? मधे तुरीच्या ओळी होत्या? ज्वारी होती? आज वाशीम जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं. आजचं लहान मूल मोठेपणी याच शिवारात कदाचित तेच पाहील.

उत्तराची घाई नको.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली स्मरणावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक गोष्ट त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. गोष्टीतली सीलची शिकार काहींच्या लेखी मासेमारी झाली. अनोळखी ते गळालं, किंवा ओळखीचं होऊन आलं. त्याच पुस्तकात स्वाझीलँडमधला एक गुराखी आहे. वर्षभरापूर्वी खरेदी झालेल्या गुरांचे रंग, खुणा आणि किमती त्याने जवळजवळ बिनचूक सांगितल्या. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवणाऱ्या म्हाताऱ्याला हे नवल वाटणार नाही. जिथे जीव गुंतलेला असतो, तिथे लक्षही बारीक असतं.

म्हणून आठवणीत आपोआप आलेल्या कापसाची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती गळालेल्या माणसांची.

पुन्हा शेताकडे वळा. ते कुणाचं म्हणून आठवतं? आजोबांचं, बाबांचं. शेत पुरुषाच्या नावानेच ऐकलेलं, म्हणून डोळ्यांपुढे तोच येतो. पण बोंडातून कापूस कोण काढत होतं? कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाया आठवतात का? आठवत असतील, तर एकीचा तरी चेहरा आठवा. तिचा आवाज, तिच्या बोटांवरचे ओरखडे. येत नसेल, तर ओढून आणू नका. मन लगेच कुठला तरी चेहरा तिथे बसवून देईल.

डोळे उघडा. घरात किंवा शेजारी जी सगळ्यांत वयस्क बाई असेल, तिला विचारा, वेचणीला कोण कोण यायचं. ती नावं सांगेल, कुठे अडेल, मधेच दुसरंच शेत सांगू लागेल. तुमच्या शेताशी तिचं शेत जुळलं नाही, तरी तिला मधे टोकू नका.