कुणाचा रे तू?

काष्टीच्या आठवडे बाजारात बैलाचे दात पाहतात, खूर पाहतात आणि मग गाय कोणती, वळू कोणता हेही विचारतात. जनावराचे मोल वंशावरून ठरले तर त्यात वावगे काही नाही. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या पारखीवर अवलंबून असतात. परंतु बाजारातून परतताना तीच रीत आपण माणसाच्या लेकराला लावतो, तेव्हा देवाच्या न्यायापासून दूर जातो.

बापाने संस्थेच्या पैशांचा अपहार केला, पोलिसांनी नेले, वर्तमानपत्रात नाव छापून आले. घर गहाण पडले, आई माहेरी गेली, भावंडे दोन घरी वाटली गेली. शाळकरी मुलाला एका रात्रीत नवे नाव मिळाले : 'त्याचा मुलगा'. त्याने काय करावे? चौथी आज्ञा पित्याचा मान राखण्यास सांगते. मान राखावा, तर अपराधाची बाजू घेतल्यासारखे होते. सत्य बोलावे, तर बापाला टाकल्यासारखे होते.

असे ओझे वाहिलेल्या चार भावंडांचा संबंध आपल्याच जिल्ह्याशी आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसार मांडला, म्हणून त्यांचे कुटुंब वाळीत पडले. परंपरा सांगते की, आईवडिलांनी देहत्याग केला, तरी लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. त्यांतील ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेवरील टीका सांगितली. तिच्या शेवटच्या मागण्यात छळणाऱ्यांचा नाश मागितलेला नाही. दुष्टांच्या मनातील वाकडेपणा जावा, एवढेच मागितले आहे. त्यांच्या अभंगांतील 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा पंढरीच्या विठ्ठलाची. पण आईवडिलांची नावेही रुक्मिणी आणि विठ्ठल हीच होती. देवाच्या नावात घरची ती दोन नावेही ऐकू येतात, असे आम्हांला वाटते.

विठ्ठलपंतांची कृती आज कोणी अपराध मानणार नाही. अपहाराची गोष्ट निराळी. तेथे कष्टकऱ्यांच्या ठेवी बुडालेल्या असतात. तथापि दोन्हीकडे लेकराच्या वाट्याचा दोष सारखाच, म्हणजे शून्य. पित्याच्या अधर्माचा भार पुत्रावर येणार नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला.

मग मान राखणे म्हणजे काय? नोहा मद्याच्या धुंदीत तंबूत उघडा पडला. हामने पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी पित्याला झाकले. पिता शुद्धीवर होता, असे ते म्हणाले नाहीत. त्याची लाज मात्र त्यांनी चव्हाट्यावर मांडली नाही. लाज झाकणे वेगळे आणि अपराध दडपणे वेगळे. अपराध दडपल्याने दुर्बलांचे केवढे नुकसान होते, हे ख्रिस्तसभेने स्वतःच्या दुःखद अनुभवातून ओळखले आहे. ठेवीदारांना न्याय मिळालाच पाहिजे. 'बाबांनी चूक केली' आणि 'ते माझे बाबा आहेत' ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. ती दोन्ही बोलण्याची मुलाला मोकळीक हवी.

येथे आम्ही स्वतः चुकलो आहोत. अशाच एका वेदीसेवकाला आम्ही म्हणालो, "काही दिवस वेदीवर येऊ नकोस, लोक बोलतात." ही आम्हांला माया वाटली. पुढच्या रविवारी तो दाराशी, चपलांजवळ उभा होता. मिस्सा संपल्यावर त्याने विचारले, "फादर, मी काय केलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पैठणचे शुद्धिपत्र आम्हीही मागितले होते, फक्त कागदावाचून. त्याची आणि त्याच्या आईची आम्ही क्षमा मागितली. नंतरच्या रविवारी त्याने पूर्वीसारखी मेणबत्ती धरली. काही माना वळल्या. मिस्सा नेहमीप्रमाणे पार पडली.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा संमत केला. पण वाढदिवसाला न आलेले आमंत्रण, बाकावर सरकून बसलेला सोबती, आपण येताच थांबलेले बोलणे, यांना कायदा पोहोचत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच जागी असावी लागते. तुरुंगातील पित्याला भेटायला त्या मुलासोबत कोणी गेले, परीक्षेच्या दिवसांत कोणी अभ्यासाला घरी बोलावले, तर त्याचे ओझे थोडे हलके होईल.

आणि बाजारात तो भेटलाच, तर आपल्या सवयीचा 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न ओठांवरच थांबवावा. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी आणि कितवीत आहेस, एवढेच विचारावे.